तळावरचा हंगाम : आरोग्यातल्या विषमतेच्या कामात विद्यार्थ्यांना कसं उतरवावं

दसरा झाला की बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ट्रक-ट्रॅक्टर भरून ऊसतोडीची माणसं निघतात. कोयते, पत्र्याची पेटी, ताडपत्री, शेळी, तान्हं लेकरू, सगळं एकाच गाडीत. पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, नाहीतर सीमेपलीकडे कर्नाटकातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या हद्दीत त्यांचा तळ पडतो. त्या तळापासून चार-पाच किलोमीटरवर बऱ्याचदा एक महाविद्यालय असतं. तिथे राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस) युनिट असतं, शंभर मुलंमुली असतात, प्रत्येकाच्या नावावर वर्षाचे १२० तास असतात आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. तरीही दत्तक गावाच्या नकाशावर हा तळ बहुतेकदा नसतो.

मी एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी म्हणून काम केलं आहे. हा लेख माझ्यासारख्याच प्राध्यापकांसाठी आणि ज्यांना खरंच काही करायचं आहे अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. उदाहरण ऊसतोडीचं घेतलं, कारण ते काम मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या भागात वीटभट्टी असेल, पाडा असेल, शहरातली बांधकामाची वस्ती असेल. पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

आधी एक गोष्ट मान्य करतो. आमचं पहिलं आरोग्य शिबिर दिसायला फार छान झालं होतं. मंडप, फलक, ओळीने बसलेल्या बाया, लोहाच्या गोळ्यांचं वाटप. एका गरोदर बाईचा चेहरा पांढराफटक होता. डॉक्टरांनी तिला ग्रामीण रुग्णालयात जाण्याची चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या आठवड्यात आमची एक विद्यार्थिनी सहज तळावर गेली तर ती चिठ्ठी कोपीच्या, म्हणजे तिच्या झोपडीच्या, बांबूला खोचलेली तशीच होती. रुग्णालयात जायचं म्हणजे दिवस मोडणार, मजुरी जाणार, वर मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार) खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, धरणार, आणि लहान पोराला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. आम्ही तिला रस्ता दाखवला होता, पण त्या रस्त्यावरचा एकही दगड हलवला नव्हता. पुढे जे काही शिकलो ते त्या चिठ्ठीपासून.

पहिली पायरी : 'फरक' आणि 'विषमता' वेगळी करायला शिकवा

वर्गात पहिल्याच बैठकीत मी दोन बाया उभ्या करतो. दोघी एकाच गावाच्या हद्दीत, दोघींना पाचवा महिना. एक गावठाणात राहते. तिच्याकडे आशाताई येते, अंगणवाडीत तिचं नाव आहे, माता-बाल संरक्षण कार्ड आहे. दुसरी त्याच गावच्या ओढ्याकाठी कोपीत राहते. तिचं कार्ड दोनशे किलोमीटरवरच्या गावी राहिलं आहे आणि इथल्या कुठल्याही यादीत ती नाही. साठीच्या माणसाचा रक्तदाब विशीतल्या पोरापेक्षा जास्त असतो, तो फरक. या दोन बायांच्या बाळंतपणातली तफावत ही विषमता. ती टाळता येते आणि ती अन्यायाची आहे. मुलांना हे भाषणापेक्षा या दोन बायांवरून लवकर कळतं.

मग यंत्रणा समजावून सांगा, कारण विषमता अनेकदा यंत्रणेच्या हिशोबातच शिरलेली असते. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण १,००० लोकांमागे एक आशा. ही लोकसंख्या मोजली जाते ती रहिवाशांची. हंगामात गावाच्या शिवारात दोन-तीनशे कोपी उभ्या राहिल्या तरी आशाची यादी तीच राहते. तिकडे मूळ गावी ज्यांची नावं यादीत आहेत त्या घरांना कुलूप असतं. बाई दोन्ही गावांच्या मधल्या फटीत पडते, आणि यात कुणा एका कर्मचाऱ्याचा आळस असतोच असं नाही. हे विद्यार्थ्यांना आधीच कळलं नाही तर ते तळावरून रागाने परततात आणि तो राग आशाताईवर काढतात. तो अन्याय होईल. तिला आधीच कामाच्या मानाने फार थोडा मोबदला मिळतो.

दुसरी पायरी : 'का?'ची साखळी

या पायरीला वेळ द्या. किमान दोन पूर्ण दुपारी.

विषय घ्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा. बीड जिल्ह्यातला हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे साधारण १७ टक्के. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा : का?

पहिलं उत्तर हमखास येतं : "अज्ञान". ते पुसू नका, पण खाली पुन्हा 'का?' लिहा. बाईने पिशवी का काढली? अंगावरून पांढरं जात होतं, पोटात दुखत होतं, पाळीत रक्त फार जायचं. ते का होत होतं आणि आधी इलाज का झाला नाही? तळावर पाणी कमी, आडोसा नाही, संडास नाही, ओलं कापड तसंच वापरायचं. पहाटे उसाच्या फडात जायचं, डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढायचं, बाळंतपणानंतरही लवकरच कामाला लागायचं. दवाखान्याची सकाळची ओपीडी चालू असते तेव्हा ती फडात. मग सुट्टी घेऊन का जात नाही? कारण नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर असते. एक बसलं की कोयता अर्धा होतो, खाडा पडतो, कर्ज फिटत नाही. उचल का घ्यावी लागली? कोरडवाहू जमीन, लग्न, आजारपण. आणि हंगाम संपून गावी गेल्यावर कुणीतरी सांगतं, पिशवीला गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका म्हणजे दरवर्षीची कटकट जाईल. त्या शस्त्रक्रियेला पुन्हा कर्ज, आणि कर्जासाठी पुन्हा उचल.

साखळी फळ्यावर पूर्ण झाली की "अज्ञान" हा शब्द वर कोपऱ्यात एकटाच राहतो. पोरं गप्प होतात. त्या शांततेत मी दुसरा प्रश्न विचारतो : यातली कोणती कडी आपण सोडवू शकतो? उचलीची पद्धत बंद करणं आपल्या हातात नाही. पण तपासणी संध्याकाळी तळावर आणणं आहे. पाण्याच्या टाकीसाठी कारखान्याकडे पाठपुरावा करणं आहे. लवकर इलाज घेतला तर हे दुखणं साध्या गोळ्यांनीही बरं होऊ शकतं, हे बाईला योग्य माणसाकडून कळवणं आहे.

इथे गडचिरोलीच्या अभ्यासाचा उल्लेख जरूर करा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतल्या ६५० बायांची तपासणी केली; १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. विद्यार्थिनींना हा आकडा ऐकून धक्का बसतो. तो बसू द्या. मग सांगा की हे समजलं ते कुणीतरी खेड्यात राहून विचारलं म्हणून.

तिसरी पायरी : मुलं निवडताना

शंभरच्या शंभर तळावर नेऊ नका. वीस-पंचवीस पुरेत, त्यात निम्म्याहून जास्त मुली हव्यात. बायांशी बोलायला मुलींच्याच जोड्या लागतात. हुशार मुलांपेक्षा ऐकून घेणारी मुलं घ्या. वक्तृत्व स्पर्धेत पहिली येणारी पोरं तळावर कधीकधी फार बोलतात.

एक नाजूक गोष्ट. तुमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं असतील. काही वसतिगृहात राहत असतील, काही आजी-आजोबांकडे. त्यांना पुढे करून "हा बघा, याचेच आईवडील" असं म्हणू नका. एकट्याला बोलावून विचारा, त्याला यायचं असेल तर येऊ द्या, नसेल तर विषय संपवा. जी मुलं आपणहून येतात ती बाकीच्यांना फडाची भाषा शिकवतात. कोप, वाढं, मोळी, गाडी सेंटर, खाडा, पट्टा पडणं हे शब्द आमच्या गटाला अशाच एका मुलीने शिकवले. वहीत लिहून घेतले आणि पुढे तीच आमची खरी प्रशिक्षक झाली.

बाकी शाखांची गरजही लागते. भूगोलाची मुलं तळाचा नकाशा काढतात, वाणिज्यची हिशोब आणि कागदपत्रं, समाजकार्याची मुलाखती. जवळ नर्सिंग किंवा वैद्यकीय महाविद्यालय असेल तर त्यांना सोबत घ्या. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात, ती कुटुंबं तळावरचीही का असू नयेत?

तासांचं गणित सुरुवातीलाच सोडवा. नव्या शैक्षणिक धोरणातल्या क्षेत्र प्रकल्पाला आणि समुदाय सहभागाला क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला साधारण ३० तास धरले तर दोन क्रेडिटांत एक विद्यार्थी पूर्ण हंगामभर आठवड्यातून एकदा तळावर जाऊ शकतो. प्राचार्यांकडे जाताना हे लिहून न्या. "समाजसेवा" म्हटलं की परवानगी तोंडी मिळते, "क्रेडिट" म्हटलं की वेळापत्रकात जागा मिळते.

चौथी पायरी : काय करायचं नाही, ते आधी

प्रशिक्षणाचे तीन शनिवार ठेवा, शक्यतो हंगाम सुरू होण्याआधी. पहिला प्राथमिक आरोग्य केंद्रात. वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सेविका, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांची ओळख तिथेच होऊ द्या. त्यांना विचारा, पल्स पोलिओसाठी तुमच्याकडे जोखमीच्या वस्त्यांची यादी असते ना? त्या यादीत वीटभट्ट्या आणि ऊसतोडीचे तळ असतात. नव्याने शोधत बसण्यापेक्षा तिथून सुरुवात करा. दुसरा शनिवार बोलण्याच्या सरावाचा. तिसरा या नियमांचा :

- औषध द्यायचं नाही, सुई टोचायची नाही, निदान सांगायचं नाही. रक्त तपासणं हे आरोग्य कर्मचाऱ्याचं काम.
- चेहऱ्यांचे फोटो नाहीत. अहवालाला फोटो हवाच असेल तर नकाशाचा, पाण्याच्या टाकीचा.
- आधार क्रमांक वहीत उतरवायचा नाही. कुणाच्या आजाराबद्दल व्हॉट्सॲपच्या गटावर लिहायचं नाही.
- कपडे, साड्या, खाऊ यांचं वाटप नाही. एकदा वाटप झालं की पुढच्या वेळी माणसं तुमच्याशी नाही, तुमच्या पिशवीशी बोलतात.
- पाण्याचा थेंब नसलेल्या ठिकाणी स्वच्छतेवर व्याख्यान नाही.

सॅनिटरी पॅड वाटण्याचा आग्रह प्रत्येक वर्षी कुणीतरी धरतंच. मी विचारतो, वापरलेलं पॅड ती टाकेल कुठे? पुढच्या महिन्यात कोण देणार? बायांना विचारल्यावर बहुतेकींनी आम्हाला आधी न्हाणीचा आडोसा मागितला. चार बांबू आणि हिरवी जाळी. तो आडोसा पोरांनी एका रविवारी उभा केला.

आणखी एक गोष्ट शिक्षकाने स्वतःच्या अंगावर घ्यायची. तळावर अल्पवयीन सून भेटते, मारहाण झालेली बाई भेटते. कोयता पुरा व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर होतात हे तिथलं कटू सत्य आहे. विद्यार्थ्यांनी तिथे काही बोलायचं नाही, फक्त शिक्षकाला सांगायचं. वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांच्याशी तुम्ही हंगामाआधीच बोलून ठेवा की असं आढळलं तर काय करायचं. १०९८ आणि १८१ हे क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. मुलीला दवाखाना मिळणं कुठल्याही परिस्थितीत थांबू नये, याची काळजी पहिली.

पाचवी पायरी : तळावर कधी, कसं

कारखान्याचा शेती विभाग, तिथला चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा कर्मचारी), गावचे सरपंच आणि टोळीचा मुकादम, चौघांना आधी भेटा. मुकादमाला टाळून गेलात तर दुसऱ्या दिवशी एकही बाई बोलणार नाही. त्याला शत्रू समजू नका, मित्रही समजू नका. "पोरांच्या लसी आणि गरोदर बायांची तपासणी" एवढंच सांगा. यात तोही अडत नाही.

वेळ हा इथला सगळ्यात मोठा विषय आहे. पहाटे चारला स्वयंपाक, उजाडायच्या आत फड. गाडी कधी येईल ते कारखान्यावर अवलंबून. रात्री दोनलाही मोळ्या भरायला उठावं लागतं. म्हणून संध्याकाळी पाच ते सात हीच खरी वेळ. चुलीपुढे बसून, भाकरी थापत असताना, तिच्या उंचीवर बसून बोलायचं. तळावर खुर्ची मागायची नाही. सात वाजले की मुलींना परत आणण्याची गाडी आधी ठरवा. उसाच्या ट्रॅक्टरांच्या रस्त्यावर रात्री दुचाकी नको. पायात बूट हवेत, फडाशेजारी साप असतात.

पहिल्या दोन भेटींत वही उघडू नका. नाव, गाव, पोरं कुठे आहेत, एवढंच. तिसऱ्या भेटीत वाक्य असं : "आम्ही डॉक्टर नाही, आम्ही कॉलेजात शिकतो. तुमच्या कोपीत कुणी गरोदर असेल, लहान लेकरू असेल, कुणाच्या गोळ्या चालू असतील तर आम्ही दवाखान्याशी गाठ घालून देऊ. सांगायचं नसेल तर नाही सांगितलं तरी चालेल." शेवटचं वाक्य गाळू नका. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा एवढंच नव्हे. हीच माहिती पुढे संशोधन म्हणून वापरायची असेल तर संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आधी घ्या, नंतर नाही.

तीच जोडी त्याच दहा-बारा कोपींत दर आठवड्याला जावी. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून हे तत्त्व पाळलं गेलं : प्रत्येक तुकडीला एक गाव, प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक घरं, आणि पुढची काही वर्षं त्याच घरांत जाणं. ओळख ही औषधाइतकीच कामाची असते, हे तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोललात तर कळेल.

सहावी पायरी : एक पान, एक कोप

मोठा फॉर्म छापू नका. शंभर पृष्ठांची साधी वही, एका कोपीला एक पान. मूळ गाव व तालुका. गरोदर आहे का, कितवा महिना, कार्ड जवळ आहे का. पाच वर्षांखालची मुलं आणि शेवटची लस. टीबी, रक्तदाब, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का आणि किती दिवसांच्या उरल्या आहेत. काय अडतंय, ते तिच्याच शब्दांत. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. त्याखाली पुढच्या आठवड्याची जागा मोकळी ठेवा : पोहोचली का?

हा प्रश्न आमच्या कामाचा कणा झाला. शिबिराला किती आले, किती गोळ्या वाटल्या हे आम्ही मोजणं बंद केलं. सापडलेल्या गरोदर बायांपैकी हंगामात किती जणींची एकतरी तपासणी झाली, लस चुकलेल्या बाळांपैकी किती जणांना मिळाली, चिठ्ठी दिलेल्यांपैकी दवाखान्यात कोण पोहोचलं आणि जे पोहोचले नाहीत ते का, एवढंच मोजतो. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमधला रक्तक्षय २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाला. लोहाच्या गोळ्यांचं वाटप तर त्या काळात चालूच होतं.

सातवी पायरी : सोबत जाणं

विद्यार्थी डॉक्टरचं काम करू शकत नाही. पण सोबत जाऊ शकतो, आणि अनोळखी मुलखात सोबत मिळणं फार मोठं असतं. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खोलीत जायचं, आत काय बोलायचं, यातच निम्मी माणसं परत फिरतात. त्यासाठी मुलांना योजना पाठ नव्हे, हातात असायला हव्यात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. हे कोपीत अजून अनेकांना माहीत नसतं. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि येण्याजाण्याचं वाहन मोफत असतं. तातडीला १०८, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. मोठ्या शस्त्रक्रियेला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. त्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधायचं. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये अनेकदा बँक खात्याच्या किंवा आधारच्या घोळात अडकतात, तो कागद वाणिज्यच्या मुलांकडे द्या. रेशन कार्ड मूळ गावचं असलं तरी पोर्टेबिलिटीमुळे इथल्या दुकानात धान्य मिळू शकतं. पहिल्या वेळी दुकानदाराकडे सोबत जाच, कारण "हे कार्ड इथं चालत नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. स्थलांतरित बाळाचं आणि गरोदर बाईचं नाव इथल्या अंगणवाडीत घालून घेता येतं, त्यासाठी सेविकेशी बोला.

टीबीबद्दल वेगळं सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणं दिसलं तर बेडका तपासायला पाठवायचं. ज्याचे उपचार गावी सुरू झाले आहेत त्याचा निक्षय क्रमांक (सरकारी टीबी नोंदणीचा क्रमांक) असतो. तो सांगितला की उपचार इथल्या केंद्रावर वर्ग करता येतात. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, ते येतात का तेही विचारायचं. गोळ्या संपल्या म्हणून हंगामात खंड पडतो आणि आजार औषधांना दाद देईनासा होतो. एका पोराने वेळेवर तीन फोन केले तर हे टळू शकतं.

आठवी पायरी : मागणी नेमकी, कागद एक

हंगामाच्या मध्यावर, डिसेंबर-जानेवारीत, सात दिवसांचं शिबिर येतं. ते तळाजवळच्या गावात घ्या, पण मंडपाची कल्पना सोडा. सकाळी श्रमदान : आडोसा, पाण्याच्या टाकीची सफाई, शोषखड्डा. दुपारी वह्यांची जुळणी. संध्याकाळी तळावर आरोग्य सेविकेसोबत लसीकरण सत्र आणि गरोदर बायांची तपासणी. रात्री पोरांची आणि टोळीतल्या माणसांची एकत्र बैठक, ज्यात वहीतून काय निघालं ते आधी त्यांनाच वाचून दाखवायचं. नावं न घेता. चुकलं असेल ते तेच दुरुस्त करतात. एका बैठकीत आमचा पाण्याचा हिशोब एका म्हातारीने उभ्या उभ्या खोडून काढला, कारण आम्ही जनावरांचं पाणी धरलंच नव्हतं.

मग एक पानाचं निवेदन. "आरोग्य सुविधा सुधाराव्यात" असं लिहिलं तर ते फायलीत जातं. असं लिहा : "अमुक गावच्या शिवारातल्या तीन तळांवर मार्चअखेरपर्यंत दर गुरुवारी संध्याकाळी ५ ते ७ आरोग्य सेविकेचं सत्र व्हावं. सध्या तिथे इतक्या गरोदर बाया व पाच वर्षांखालची इतकी मुलं आहेत." एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्याला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्याला, एक कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना, एक ग्रामपंचायतीला. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या बैठकीत दोन विद्यार्थिनी आणि तळावरची एक बाई जाऊन बसू द्या. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला, जनसुनवाया झाल्या. अधिकाऱ्यांपुढे लोकांनी स्वतः बोलावं ही रीत आपल्याकडे रुजलेली आहे. पोरांनी तिथे निवेदन वाचू नये, बाईला बोलायला जागा करून द्यावी. ते जमायला वेळ लागतो. पहिल्या बैठकीत ती बाई काहीच बोलली नाही तरी चालेल.

आरोग्य कर्मचाऱ्यांना मात्र कात्रीत धरू नका. संध्याकाळचं सत्र म्हणजे सेविकेला परत जायला उशीर. तिच्या जाण्यायेण्याची सोय महाविद्यालयाने केली तर सत्र टिकतं. जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर बायांना आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. तळावरचीच एखादी चुणचुणीत बाई किंवा म्हातारी हेरा. कुणाचं बाळ आजारी आहे, कुणाला कळा सुरू झाल्या, हे तिला तुमच्याआधी कळतं. तिच्या मोबाइलमध्ये सेविकेचा नंबर आणि १०८ हे दोन्ही जतन करून द्या.

नववी पायरी : जोड-महाविद्यालय

पाडव्याच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, आणि एका रात्रीत तळ रिकामा होतो. सातव्या महिन्यातली बाई, अर्धा डोस झालेलं बाळ, सगळं पुन्हा दोनशे किलोमीटर पलीकडे. इथे सगळ्यांचे प्रकल्प संपतात, आणि विषमता मात्र गाडीत बसून पुढे जाते.

म्हणून ज्या तालुक्यातून तुमच्याकडे टोळ्या येतात तिथल्या एका महाविद्यालयाशी नातं जोडा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, पाथर्डी, कुठेही एनएसएसचं युनिट सापडतं. जून ते सप्टेंबर माणसं गावी असतात. तेव्हा तिकडच्या मुलांनी करायचं काम वेगळं : निघण्याआधी तपासणी झाली का, कार्डं आणि औषधांचे कागद पेटीत घातले का, निक्षय क्रमांक लिहून घेतला का. बायांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल तर जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्यायला सोबत जायचं. बीड जिल्ह्यात २०१९ नंतर गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम आला, तो बायांना सांगायचा. ऑक्टोबरमध्ये कोणत्या टोळ्या कुठल्या कारखान्याला निघाल्या ते तिकडून कळवायचं, मार्चमध्ये कोण परत येतंय ते इकडून. माहिती देताना त्या बाईची पुन्हा परवानगी घ्यायची. नाव, गाव, काय बाकी आहे, इतकंच द्यायचं.

ऑगस्टमध्ये तुमच्या गटातली चार-पाच मुलं त्या गावी घेऊन जा. तळावर कोपीत भेटलेली बाई स्वतःच्या घराच्या ओट्यावर कशी बसते ते त्यांनी पाहायला हवं. आम्ही गेलो तेव्हा एकीने आमच्या विद्यार्थिनीला आत नेऊन घडी केलेलं माता-बाल कार्ड दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत, कोयत्याशेजारी, पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलेलं. "औंदा हे आधी भरलंय," ती म्हणाली.